कोलकात्याचा शारदोत्सव कलाप्रदर्शन म्हणून कसा पाहावा

शरद ऋतूत कोलकात्यात होणारी दुर्गापूजा हा देवीचा उत्सव तर आहेच, परंतु गेल्या तीन-चार दशकांत तिला शहरभर पसरलेल्या एका विशाल, विनातिकीट कलाप्रदर्शनाचेही रूप आले आहे. कलामहाविद्यालयांतून शिकलेले चित्रकार आणि शिल्पकार, कुमारटुलीतील वंशपरंपरागत मूर्तिकार, चंदननगरचे रोषणाई करणारे कारागीर, मेदिनीपूरचे पटचित्रकार, बांबू बांधणारे मजूर आणि ध्वनिरचनाकार अशी सगळी मंडळी महिनोन्महिने खपून गल्लीबोळांत आणि मैदानांत जे उभे करतात, ते जेमतेम आठ-दहा दिवस टिकते आणि मग उतरवले जाते. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. या उत्सवाभोवतीच्या सर्जनशील उद्योगांची उलाढाल २०१९ साली ३२ हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याचा अंदाज ब्रिटिश कौन्सिलने करवून घेतलेल्या अभ्यासात मांडला होता. पाहुण्याला मात्र आकड्यांपेक्षा वेगळीच चिंता असते: हजारो मंडपांच्या या शहरात नेमके काय पाहावे, कधी पाहावे आणि कसे पाहावे?

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. येथे कमी पाहावे आणि सावकाश पाहावे. एका रात्रीत तीस मंडप पालथे घालण्याची हौस स्थानिक तरुणांना शोभते, कारण त्यांना पुढच्या वर्षीही तेथेच राहायचे असते. महाराष्ट्रातून हजार-दोन हजार किलोमीटर प्रवास करून गेलेल्या माणसाने दिवसाला एक भाग निवडावा, त्या भागातील चार-पाच मंडप मन लावून पाहावेत आणि उरलेला वेळ ज्या हातांनी ते घडवले त्यांची कामे समजून घेण्यात घालवावा.

कधी जावे

पूजेचे मुख्य दिवस आश्विन शुद्ध षष्ठीपासून दशमीपर्यंतचे. तारखा दरवर्षी बदलतात, आणि बंगालमध्ये दोन पंचांगपरंपरा प्रचलित असल्यामुळे विधींच्या वेळांतही फरक पडतो. म्हणून अष्टमी-नवमीच्या सांध्यावर होणाऱ्या संधिपूजेसारखा एखादा विधी पाहायचा असेल, तर त्या मंडळाने किंवा घराण्याने जाहीर केलेली वेळच प्रमाण मानावी. कलेच्या दृष्टीने मात्र सर्वांत फलदायी काळ महालया (आपली सर्वपित्री) अमावास्येपासून पंचमीपर्यंतचा असतो. पूर्वी मंडप षष्ठीला खुले होत. आता अनेक मोठे मंडप प्रतिपदा-द्वितीयेलाच पूर्ण होतात, गर्दी अजून आवाक्यात असते आणि कधीकधी कलाकार स्वतः शेवटचा हात फिरवत तेथेच सापडतो. त्याला प्रश्न विचारता येतात, आणि तो आनंदाने उत्तरे देतो. २०२२ पासून मासआर्ट ही संस्था पूजेच्या आधी काही दिवस निवडक मंडपांचे पूर्वदर्शन आयोजित करते. त्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. ज्येष्ठ नागरिकांना आणि गर्दी सोसत नसलेल्यांना मी हाच मार्ग सुचवीन.

सप्तमी, अष्टमी आणि नवमी या तीन रात्री गर्दी मी म्हणत असते. ती टाळायचीच असे नाही, कारण माणसांचा तो लोंढा हा या उत्सवाचाच एक भाग आहे. परंतु त्या रात्री मंडप पाहण्याऐवजी शहर पाहण्यासाठी बाहेर पडावे आणि मंडप पहाटे चार ते सकाळी आठच्या दरम्यान पाहावेत. मुंबईत लालबाग-परळचे गणपती रात्री उशिरा पाहण्याची सवय असलेल्यांना हे गणित चटकन उमजेल.

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते आणि पूजेच्या दिवसांतील जागा पाहता पाहता संपतात. मुंबईहून नागपूरमार्गे जाणारी गीतांजली एक्सप्रेस आणि हावडा मेल, तसेच पुण्याहून सुटणारी आझाद हिंद एक्सप्रेस या नेहमीच्या गाड्या. विदर्भातील वाचकांना त्या वाटेतच मिळतात. राहण्याची जागा मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी, हा एकच निकष पुरेसा आहे. खोली थोडी लहान असली तरी चालेल, परंतु मध्यरात्री टॅक्सी शोधत उभे राहण्याची वेळ येऊ नये.

पावसाची शक्यता गृहीत धरूनच जावे. बंगालमधून नैऋत्य मोसमी वारे साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यानंतर माघार घेतात, त्यामुळे पूजा सप्टेंबरच्या अखेरीस आली की सरी येणारच. २०२५ मध्ये पूजेच्या ऐन तोंडावर, २३ सप्टेंबरला, झालेल्या अतिवृष्टीने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. छत्री, लवकर वाळणारी पादत्राणे आणि कागदपत्रांसाठी प्लास्टिकची पिशवी एवढे सोबत असले म्हणजे निभावते.

आधी कुमारटुली

मंडपांपूर्वी एक संपूर्ण सकाळ कुमारटुलीसाठी ठेवावी. उत्तर कोलकात्यात शोभाबाजार-सुतानुटी मेट्रो स्थानकापासून गंगेच्या दिशेने दहा-पंधरा मिनिटे चालले की ही मूर्तिकारांची वस्ती लागते. पूजेच्या तीन-चार आठवडे आधी गेल्यास मूर्ती सर्व अवस्थांत एकाच वेळी दिसतात; महालयेनंतर बऱ्याचशा मूर्ती मंडपांकडे रवाना झालेल्या असतात, तरीही काम पूर्ण थांबलेले नसते.

काय पाहावे हे ठाऊक असले, तर ही भेट खऱ्या अर्थाने सार्थकी लागते. बांबू आणि लाकडाचा सांगाडा प्रथम उभा राहतो. त्याला तेथे काठामो म्हणतात, आणि त्याची पूजा अनेक ठिकाणी आषाढातील रथयात्रेच्या दिवशी होते. त्यावर भाताचा पेंढा सुतळीने आवळून शरीराचा आकार दिला जातो. अंगाची लय, कमरेचा बाक आणि उगारलेल्या हाताचा ताण हे सारे पेंढ्यातच ठरते, माती नंतर येते. म्हणून अनुभवी कारागीर पेंढ्याच्या बांधणीवर सर्वाधिक वेळ देतात. मग भाताचे तूस मिसळलेली चिकट माती, तिच्यावर मऊ मातीचा थर, भेगांवर ओल्या मातीत बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या, खडूचा पांढरा हात आणि शेवटी रंग अशी कामाची चढण असते. रंग पक्के बसावेत म्हणून चिंचोक्याची खळ वापरण्याची रीत जुनी आहे. चेहरे बहुधा साच्यातून वेगळे काढून मानेवर बसवतात. डोळे रेखण्याचे काम प्रमुख मूर्तिकार स्वतः करतो, आणि परंपरेने ते महालयेच्या दिवशी करतात. पेणच्या कार्यशाळा पाहिलेल्या मराठी माणसाला येथील मूर्तीचा आकार आणि आत पेंढ्याचा गाभा ठेवण्याची पद्धत या दोन गोष्टी विशेष लक्षात राहतील.

वस्तीच्या कडेच्या दुकानांत मूर्तीचे अलंकार मिळतात. पाणथळ जागी वाढणाऱ्या शोला या वनस्पतीच्या पांढऱ्याशुभ्र, हलक्या गाभ्यातून कोरलेले मुकुट आणि फुले हे एक काम. चंदेरी वर्खाचा लखलखता साज हे दुसरे. शोल्याचे काम करणाऱ्या मालाकारांच्या हातची एखादी लहान वस्तू विकत घ्यावी. ती जागा अडवत नाही, वजनाला नगण्य असते आणि पैसे थेट कारागिराच्या हाती पडतात.

येथे वागण्याचे भान ठेवावे लागते. गल्ल्या अरुंद आहेत, माणसे वेळेशी झुंजत असतात आणि प्रत्येक कार्यशाळा हे कोणाचे तरी पोट भरण्याचे साधन आहे. छायाचित्रे काढण्यासाठी मूर्तिकारांच्या संघटनेकडून शुल्क आकारले जाते. ते विनातक्रार भरावे, आणि एखाद्याने नको म्हटले तर कॅमेरा खाली ठेवावा.

मंडप कसा पाहावा

थीम पूजा, म्हणजे एखाद्या संकल्पनेभोवती मंडप आणि मूर्ती रचलेली पूजा, हा शब्द कोलकात्यात सर्वांच्या तोंडी असतो. १९८५ साली एशियन पेंट्स कंपनीने शारद सन्मान हे पारितोषिक सुरू केले आणि मंडळांमधील चढाओढीला कलात्मक वळण लागले. पुढे इतर अनेक पारितोषिकांची भर पडली. २००१ साली बोसपुकुर शीतला मंदिराच्या मंडळाने चहाच्या मातीच्या भांड्यांतून अख्खा मंडप उभारला, तेव्हा तो पाहायला शहर लोटले होते. त्यानंतर संपूर्ण मंडप ही एकसंध कलाकृती आहे, आणि तिला एक कल्पना, एक कलाकार आणि एक सामग्री असावी, ही धारणा रुजत गेली. २०२० मध्ये बेहाला भागातील बरिशा क्लबने देवीला मुलांना घेऊन पायी निघालेल्या स्थलांतरित मजूर स्त्रीच्या रूपात दाखवले. टाळेबंदीत रस्त्याने चालत गेलेल्या लोकांची स्मृती ताजी होती, आणि रिंटू दास यांची संकल्पना व पल्लव भौमिक यांनी घडवलेली ती मूर्ती देशभर पोहोचली. पूजेची मूर्ती समकालीन जीवनावर किती थेट बोलू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला आठवत नाही.

अशा मंडपात शिरताना घाई करू नये. रस्त्यावरून दिसणारा दर्शनी भाग प्रथम न्याहाळावा, कारण बहुतेक कलाकार सामग्रीची ओळख तेथेच करून देतात: बांबू, ताग, पत्रा, जुन्या साड्या, शेतीची अवजारे, काहीही असू शकते. त्यानंतरचा वळणावळणाचा मार्ग गर्दी हाकण्यासाठी असतो, तसाच तो कथा उलगडण्यासाठीही असतो. उजेड कोठे मंदावतो, छत कोठे खाली येते, पायाखालची जमीन कोठे बदलते, हे लक्षपूर्वक पाहिले तर कलाकाराचा हेतू आपोआप कळतो. अनेक मंडपांसाठी स्वतंत्र संगीत रचलेले असते, म्हणून तेथे बोलणे कमी करावे. मूर्तीसमोर पोहोचल्यावर स्वयंसेवक पुढे सरकण्यासाठी आग्रह धरतील. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. थेट पुढे जाऊन बाजूच्या मोकळ्या जागेतून मागे वळून पाहावे, तेथून मूर्ती आणि मंडप यांचे नाते अधिक स्पष्ट दिसते. बाहेर पडण्याच्या वाटेवर संकल्पना, मूर्ती, प्रकाश आणि संगीत करणाऱ्यांची नावे लिहिलेली असतात. ती टिपून ठेवावीत. दोन-तीन दिवसांत भवतोष सुतार, सुशांत पाल, सनातन दिंडा यांच्यासारखी नावे ओळखीची होतात, आणि मग मंडळाच्या प्रसिद्धीपेक्षा कलाकाराच्या नावावरून पुढचा मंडप निवडता येतो. मला ही पद्धत सर्वांत समाधान देणारी वाटते.

मूर्तीही वाचायला शिकावे. सर्व देवदेवता एकाच कमानीखाली असतील तर ती एकचाला पद्धत. लक्ष्मी, सरस्वती, गणेश आणि कार्तिकेय वेगवेगळ्या चौथऱ्यांवर असतील तर ती विसाव्या शतकात रूढ झालेली मांडणी. विड्याच्या पानासारखा निमुळता चेहरा आणि कानापर्यंत ओढलेले डोळे हे जुन्या बंगाली घडणीचे लक्षण आहे. काही वैष्णव घराण्यांत देवीचा सिंह घोड्याच्या तोंडाचा असतो. मूर्तीमागच्या अर्धवर्तुळाकार फलकावर, म्हणजे चालचित्रावर, देवदेवतांच्या बारीक आकृती रंगवलेल्या असतात. हाताने रंगवलेले चालचित्र आता क्वचित आढळते, तेव्हा दिसले तर थांबून पाहावे.

भाग कसे निवडावेत

उत्तर कोलकात्यासाठी श्यामबाजार किंवा शोभाबाजार स्थानकावर उतरावे. बागबाजार सार्वजनीनची पूजा १९१९ पासून चालत आली आहे आणि तेथे थीमचा सोस नाही: चंदेरी साजातील भव्य एकचाला मूर्ती, उंच मंडप आणि मोकळे मैदान. थीम पूजांचे मंडप पाहण्यापूर्वी ही मूर्ती पाहिली, तर परंपरेपासून कोण किती दूर गेले ते मोजायला एक माप हाती येते. जवळच हातीबागान, नलिन सरकार स्ट्रीट, काशी बोस लेन आणि आहिरीटोला या मंडळांची कामे अरुंद गल्ल्यांत उभी असतात, आणि दोन्ही बाजूंच्या जुन्या घरांच्या मधोमध मंडप बसवण्याचे कौशल्य येथेच उत्तम कळते. त्याच बाजूला टाला प्रत्यय हे मंडळ अलीकडच्या वर्षांत अतिभव्य मांडणशिल्पांसाठी नावाजले गेले आहे.

मध्य भागात कॉलेज स्क्वेअर रात्रीच पाहावे, कारण तेथील तलावात पडणारे रोषणाईचे प्रतिबिंब हेच त्याचे वैभव. दक्षिणेत कालीघाट ते रवींद्र सरोवर या पट्ट्यात बादामतला आषाढ संघ, ६६ पल्ली, मुदियाली आणि शिवमंदिर पायी होतात. गडियाहाटकडे वळल्यास एकडालिया एव्हरग्रीन, सिंघी पार्क, बालिगंज कल्चरल आणि त्रिधारा आहेत. मॅडॉक्स स्क्वेअरला मूर्तीइतकेच लोक महत्त्वाचे: तरुण मंडळी हिरवळीवर तासन्‌तास गप्पा मारत बसतात, आणि थकलेल्या पायांनीही तेथे बसून घ्यावे.

एका भागासाठी आवर्जून वेळ काढावा असे मला वाटते, तो बेहाला-बरिशाचा. येथे सावर्ण रायचौधुरी घराण्याची पूजा आहे. ती १६१० पासून चालत आल्याचे मानले जाते आणि शहरातील सर्वांत जुन्या पूजांत तिची गणना होते. तिच्याच परिसरात बरिशा क्लब आणि बेहाला नूतन दल यांसारखी अत्यंत प्रयोगशील मंडळे आहेत. चार शतकांचे अंतर एका संध्याकाळी पायी तोडता येते. जोका ते माझेरहाट ही मेट्रो मार्गिका सुरू झाल्यापासून येथे पोहोचणेही सोपे झाले आहे.

प्रवासासाठी मेट्रो, आणि मेट्रोच. पूजेच्या मुख्य दिवसांत दुपारनंतर अनेक रस्ते वाहनांसाठी बंद होतात. गेल्या काही वर्षांत सप्तमी ते नवमी उत्तर-दक्षिण मार्गावर गाड्या दुपारी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत धावतात. याचा अर्थ सकाळी त्या नसतात, तेव्हा पहाटेच्या फेरीनंतर परतण्याची सोय आधीच पाहून ठेवावी. प्रत्येक मार्गिकेचे वेळापत्रक वेगळे असते आणि ते पूजेपूर्वी जाहीर होते. हावड्याहून नदीखालून येणारी मार्गिका २०२४ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून ती सियालदामार्गे सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचपर्यंत सलग जाते. शहर पोलीस दरवर्षी मंडपांचा आणि बंद रस्त्यांचा नकाशा प्रसिद्ध करतात. तो भ्रमणध्वनीत उतरवून घ्यावा, कारण ऐन गर्दीत मोबाइलचे नेटवर्क मिळेलच याची खात्री नसते.

जुन्या वाड्यांतील पूजा

सार्वजनिक मंडपांच्या गोंगाटानंतर जमीनदार आणि व्यापारी घराण्यांच्या वाड्यांत शिरले की वेगळाच काळ भेटतो. शोभाबाजार राजवाड्यातील पूजा नवकृष्ण देव यांनी १७५७ साली सुरू केली. जानबाजारातील राणी रासमणींचे घर, जोडासांको येथील दाँ घराणे, पाथुरियाघाटातील घोष वाडा आणि उत्तर कोलकात्यातील लाहा घराणे ही इतर प्रसिद्ध ठिकाणे. लाहा घराण्यात महिषासुरमर्दिनीऐवजी शिवाच्या मांडीवर बसलेली गौरी पूजली जाते. प्रत्येक वाड्यात चौक, त्याच्या एका बाजूला पाच किंवा अधिक कमानींचे ठाकूरदालान, म्हणजे देवीची पूजा होते ते दालन, आणि भोवती सज्जे अशी रचना असते. मूर्तीइतकेच लक्ष या वास्तूकडे द्यावे. ही खासगी घरे आहेत. सकाळी जावे, पादत्राणे बाहेर काढावीत, दालनाच्या पायऱ्या परवानगीशिवाय चढू नयेत आणि फ्लॅश वापरू नये. राज्य शासनाच्या परिवहन व पर्यटन विभागांतर्फे या वाड्यांच्या बससहली निघतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना त्या सोयीच्या पडतात.

शक्य असल्यास संधिपूजा एखाद्या वाड्यात पाहावी. अष्टमीची शेवटची चोवीस मिनिटे आणि नवमीची पहिली चोवीस मिनिटे असा तिचा काळ. १०८ दिवे लागतात, १०८ कमळे वाहिली जातात आणि ढाक या मोठ्या ढोलाचा नाद चौकात घुमतो.

मराठी घरांतून जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच मनाशी धरावी. आपल्याकडे नवरात्रात उपवास असतो, तर बंगालमध्ये हे खाण्यापिण्याचे दिवस असतात आणि मासे-मटण सर्रास शिजते. त्यात अनादर नाही, ती तेथील रीत आहे. उपवास करणाऱ्यांनी फळे आणि सुका मेवा सोबत बाळगावा; साबुदाण्याची खिचडी शोधत फिरू नये. मंडळांतील भोगाची खिचडी आणि लाबडा ही मिश्र भाजी शाकाहारी असते, आणि ती मिळाली तर अवश्य खावी.

कलादालने आणि पूजेनंतरचे दिवस

ज्यांना दालनांतील चित्रे पाहायची आहेत त्यांनी ती पंचमीपूर्वीच पाहून घ्यावीत, कारण पूजेच्या दिवसांत सरकारी आणि खासगी संस्था मोठ्या प्रमाणावर बंद असतात. रवींद्र सदन मेट्रो स्थानकाजवळ अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्स आणि नंदन चित्रपट केंद्र शेजारी शेजारी आहेत. सदर्न ॲव्हेन्यूवरील बिर्ला अकॅडमी दक्षिणेच्या फेरीला जोडून घेता येते. १८१४ साली स्थापन झालेले इंडियन म्युझियम सोमवारी बंद असते. पुस्तकांच्या दुकानांत याच काळात मासिकांचे शारदीय अंक येतात. बंगाली वाचता येत नसले तरी दिवाळी अंकांवर प्रेम करणाऱ्या वाचकाने त्यांची मुखपृष्ठे आणि आतील रेखाटने चाळावीत. आपल्याच घरची माणसे भेटल्याचा आनंद होतो.

विसर्जन गंगेच्या घाटांवर दशमीपासून सुरू होते, आणि निवडक मंडळांच्या मूर्ती काही दिवसांनी रेड रोडवरील शोभायात्रेत पुन्हा एकत्र पाहायला मिळतात. २०१६ पासून ही शोभायात्रा निघते. पूजेच्या गर्दीत एखादी गाजलेली मूर्ती हुकली असेल, तर ती येथे दिसण्याची शक्यता असते. मात्र तिच्याभोवतीचा मंडप नसतो, हे ध्यानात ठेवावे. निवडक पारितोषिकप्राप्त मूर्ती रवींद्र सरोवराजवळच्या ‘मा फिरे एलो’ या संग्रहालयात जतन केल्या आहेत.

पूजेच्या तारखा जुळत नसतील तर महिनाभराने येणारी चंदननगरची जगद्धात्री पूजा गाठावी. कार्तिक शुद्ध नवमीच्या सुमारास होणारा हा उत्सव हावड्याहून लोकल गाडीने तासाभरात गाठता येतो. कोलकात्याच्या मंडपांवर झगमगणारी रोषणाई ज्या गावात तयार होते तेच हे गाव, आणि स्वतःच्या उत्सवासाठी तेथील कारागीर आपले उत्तम काम राखून ठेवतात. उंच मूर्ती, रस्त्यावरच्या चलत्‌ प्रकाशचित्रांच्या कमानी आणि रात्रभर चालणारी मिरवणूक पाहायची असेल तर दशमीच्या रात्री तेथे असावे, आणि परतीच्या गाडीची वेळ आधीच विचारून घ्यावी.